डोकं कुणाचं, डबा कुणाचा

उदगीरच्या बाजारात बोअरच्या मोटारीचा पार्ट घ्या, मिक्सरचं भांडं घ्या नाहीतर मोटारसायकलची क्लच प्लेट घ्या, दुकानदार फळीकडे हात नेण्याआधी विचारतोच, "कंपनीचं देऊ का लोकल?" गिऱ्हाईकही कच्चं नसतं. मोटार स्वतःच्या शेतातली असेल तर कंपनीचं, भावकीत सामायिक असेल तर लोकल, हा हिशेब घरून निघतानाच झालेला असतो. हा प्रश्न आपल्या अंगवळणी इतका पडला आहे की तो कुठल्याही यंत्राला लागू पडतो अशी आपली समजूत आहे. माझं म्हणणं असं की ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकांना बाहेरून जोडायचे जे फ्लॉपी ड्राइव्ह निघाले, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न साफ निरुपयोगी आहे. तिथे विचारायला हवं ते एवढंच: याचं डोकं कुठे आहे? संगणकात, ड्राइव्हच्या डब्यात, की मधल्या कार्डावर? ते कळलं की कुठला लोकल ड्राइव्ह निमूट चालेल आणि कुठला ऐनवेळी तोंडघशी पाडेल, हे डबा न उघडता सांगता येतं. आता हा विषय उदगीरकरांच्या काय कामाचा, असं कुणी विचारेल. 2022 च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. फक्त कामाचंच बोलायचं असं ठरलं असतं तर ते एका दुपारीत आटोपलं असतं.

मराठवाड्यात बहुतेकांची फ्लॉपीशी ओळख झाली ती कचेरीतल्या पीसीवर, किंवा 2001 नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गात. नोकरी टिकवायची म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांनी फ्लॉपीची क्षमता 1.44 एमबी असल्याचं पाठ केलं. तो आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. फ्लॉपीवर प्रत्यक्षात 14,74,560 बाइट मावतात, आणि 1.44 हे उत्तर यावं म्हणून एकदा हजाराने आणि एकदा 1024 ने भागावं लागतं. किराणा दुकानात असा अर्धा हिशेब किलोत आणि अर्धा शेरात केला असता तर भांडण झालं असतं. पण घरगुती संगणकांचा जमाना याच्याही आधीचा. कमोडोर 64, अॅपल टू, अटारी, स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो ही मंडळी म्हणजे कीबोर्डच्या पोटात बसवलेला संगणक. पडदा म्हणून घरचा टीव्ही, साठवणीला गाण्यांची असते तसलीच कॅसेट. आपल्या देशातही ही जात अगदीच अनोळखी नव्हती. 1984 मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून सुमारे अडीचशे शाळांना बीबीसी मायक्रो दिले, ते पुढे एससीएल या सरकारी कंपनीने 'युनिकॉर्न' नावाने इथेच जोडले. आणि डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लसची भारतीय आवृत्ती विकली. या यंत्रांना फ्लॉपी ड्राइव्ह हवा असेल तर तो वेगळा डबा घ्यावा लागे, आणि त्याची किंमत कधी कधी संगणकाच्या तोडीची असे. जिथे मूळ कंपनी असा भाव लावते तिथे दुसरा कुणीतरी स्वस्तात द्यायला उभा राहतोच.

अशा ड्राइव्हची तुलना करायची म्हटलं की लोक वेग, क्षमता आणि किंमत असे तीन रकाने आखतात. या रकान्यांचा फोलपणा पाहायचा तर कमोडोरचा 1541 घ्यावा. 1982 चा हा ड्राइव्ह 170 केबी माहिती साठवायचा आणि सेकंदाला तीन-चारशे बाइट या चालीने ती संगणकाकडे पोचवायचा. 40 केबीचा खेळ चढायला दीड-दोन मिनिटं लागत. तुलनेला सांगायचं तर चारशे बाइट म्हणजे मराठी युनिकोडमधली जेमतेम सव्वाशे-दीडशे अक्षरं. एवढा संथपणा का, याचं उत्तर असं की आधीच्या व्हिक-20 संगणकातल्या एका चिपमध्ये दोष निघाला, म्हणून तिचं काम सॉफ्टवेअरकडून एकेक बिट मोजून करून घेतलं गेलं. पुढच्या संगणकातली चिप धड होती, तरी जुन्याशी नातं तुटू नये म्हणून तो रेंगाळपणा तसाच पुढे चालू राहिला. गंमत म्हणजे हा ड्राइव्ह मंद असला तरी बिनडोक नव्हता. त्याच्या डब्यात 6502 हा स्वतंत्र प्रोसेसर आणि 2 केबी मेमरी होती. म्हणजे संगणकाच्या तोडीचं डोकं त्याला बाहेरच दिलेलं होतं. नव्हतं काय, तर शून्य क्रमांकाचा ट्रॅक कुठे आहे हे सांगणारा साधा सेन्सर. मग तो शोधायचा कसा? वाचणारं हेड मागे मागे नेत राहायचं आणि अडसरावर आपटू द्यायचं. आता नक्कीच शून्यावर आलो असू, असं समजून पुढे कामाला लागायचं. त्या आपटण्याचा खडखडाट शेजारच्या खोलीत ऐकू जाई, आणि वारंवार आपटून हेडची जागा किंचित सरकली की ड्राइव्हला स्वतः लिहिलेलं तेवढं वाचता येई, दुसऱ्याचं नाही. (ही तऱ्हा मराठी साहित्यातही आढळते, पण तिथे सेन्सरचा दोष नसतो.)

एवढी व्यंगं असलेल्या मालाला सरस पर्याय देणं सोपं वाटतं, आणि तो दिलाही गेला. एमएसडी कंपनीचा एसडी-2 बघा: दणकट धातूचा डबा, दोन ड्राइव्ह एकत्र, संगणकाला न विचारता एका फ्लॉपीची दुसरीवर नक्कल काढून देणार. रकान्यांत त्याला गुण द्यावे लागतील. पण विकतचे खेळ त्याच्यावर चालता चालत नसत. कारण खेळ विकणाऱ्यांनी नक्कल होऊ नये म्हणून फ्लॉपीवर मुद्दाम चुका पेरलेल्या असत आणि 1541 त्या चुकांवर नेमका कसा अडखळतो हे तपासूनच खेळ पुढे सरकत असे. शिवाय संथपणावर उतारा म्हणून फास्टलोडर निघाले. 1984 चं एपिक्सचं फास्ट लोड कार्ट्रिज पाचपट वेग देई. हे उतारे आपला मजकूर ड्राइव्हच्या त्या 2 केबी मेमरीत उतरवून मूळ डोक्यालाच कामाला जुंपत. ज्याचं डोकं वेगळं, मग ते हुशार का असेना, तो इथे नापास. म्हणजे लोकल ड्राइव्ह करणाऱ्याला कमोडोरचे गुण उचलून भागत नव्हतं, त्याच्या खोडीही हुबेहूब उचलाव्या लागत. त्या उचलाव्यात तर कायदा आडवा. 1983 मध्ये अमेरिकेत अॅपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात अपील न्यायालयाने रॉममधला, म्हणजे चिपमध्ये कायमचा कोरलेला, प्रोग्रामही लेखकाच्या हक्काखाली येतो असं ठरवलं. तेव्हा लातूरच्या कुठल्याही परीक्षा केंद्रावर समजेल अशी ही अडचण: शेजाऱ्याच्या पेपरात ज्या चुका आहेत त्या सगळ्या तुमच्याही पेपरात यायला हव्यात, आणि तरी तुम्ही त्याचं बघून लिहिलेलं नसावं.

अटारीच्या बाजूला चित्र जरा बरं होतं, पण नियम तोच. तिथेही डोकं ड्राइव्हमध्येच. इंडस जीटी नावाचा एक देखणा काळा ड्राइव्ह निघाला होता. पुढे धुरकट रंगाचं झाकण, आत कुठला ट्रॅक वाचतोय ते सांगणारे आकडे, आणि मिरवत न्यायला खोका. एक डिस्क 180 केबीपर्यंत भरू शकणारा तो ड्राइव्ह अटारीवाल्यांना आवडला, कारण अटारीच्या जुन्या डिस्क त्याला बिनतक्रार वाचता येत. त्याच नावाचा कमोडोरसाठीचा भाऊ मात्र त्या खोडींच्या परीक्षेत मागे पडला. तरी इथला खरा धडा मूळ कंपनीने दिला. 1983 मध्ये अटारीने आपल्या 1050 या नव्या ड्राइव्हबरोबर डॉस 3 हे डिस्क सांभाळणारं सॉफ्टवेअर दिलं. जास्त साठवण, नवी मांडणी, सगळं कंपनीचं, अस्सल. फक्त ते जुन्या डॉस 2 च्या डिस्कशी बोलेना. जुन्यातून नव्यात जाता येई, परतीचा रस्ता बंद. लोकांनी ते बाजूला ठेवलं आणि अटारीला गुपचूप डॉस 2.5 काढावं लागलं. "कंपनीचं" असूनही स्वतःच्याच घरात परकं ठरल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता दुसऱ्या टोकाला अमिगा हा घरगुती संगणक. त्याच्या फ्लॉपीचं सगळं डोकं संगणकात. ड्राइव्ह म्हणजे नुसती मोटार, हेड आणि आज्ञाधारकपणा. म्हणून 880 केबीचा बाहेरचा ड्राइव्ह कुमानाचा घ्या, रॉकटेकचा घ्या, काही फरक पडत नसे. रंग जुळला तर ठीक, नाही जुळला तरी ठीक. बीबीसी मायक्रोचंही अर्धं तसंच. त्याच्या बुडाशी शुगार्ट कंपनीचं सर्वमान्य 34 पिनांचं कनेक्शन होतं, त्यामुळे ब्रिटनमधल्या शाळांनी मिळेल त्याचा ड्राइव्ह जोडला. पण अर्धं म्हणायचं कारण मधल्या कंट्रोलरमध्ये आहे. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या अॅकॉर्नने निवडलेली इंटेलची 8271 चिप महाग, दुर्मीळ आणि तेव्हाच जुनाट झालेली. मग वॉटफर्डसारख्या बाहेरच्या कंपन्यांनी नव्या चिपवर आपापली व्यवस्था बसवली. अॅकॉर्नच्या डिस्कवर एका बाजूला 31 फाइली मावत, वॉटफर्डने 62 मावतील अशी सोय केली. ही चांगलीच सुधारणा, पण दुप्पट फाइलींची डिस्क घेऊन तुम्ही शेजारच्या शाळेत गेलात की तिथल्या यंत्राला त्यातल्या पहिल्या 31 दिसणार, उरलेल्या तुमच्या तुम्ही आठवायच्या. आणि 8271 च्या विक्षिप्तपणावर बेतलेले कुलूपबंद खेळ नव्या चिपवर उघडेनात. पुढे अॅकॉर्नने स्वतःच ती चिप टाकून 1770 घेतली, तेव्हा कुलपं करणाऱ्यांची खरी पंचाईत झाली असणार.

इथे जाणकार म्हणतील, "खोडी राहू द्या, कंपनीच्या मालाचा टिकाऊपणा तरी मान्य कराल की नाही?" मान्य केला असता, पण कंपनीचा म्हणजे नेमका कुणाचा? अॅपलचा डिस्क टू आतून शुगार्टचा होता. 1541 च्या पोटात कधी आल्प्स तर कधी न्यूट्रॉनिक्सची यंत्रणा. आणि 1981 मध्ये आयबीएमच्या ज्या पीसीने जग बदललं, त्यातले फ्लॉपी ड्राइव्ह टँडन नावाच्या कंपनीचे होते. ती काढणारे जुगी टँडन हे भारतात जन्मलेले. कंपनी कॅलिफोर्नियात, पण तिचं काम आपल्या मुंबईत, अंधेरीच्या सीप्झमध्येही चाले. सीप्झ 1973 सालची, निव्वळ निर्यातीसाठी आखलेली वसाहत. तिथे बनलेला माल वसाहतीचं कुंपण ओलांडून आपल्या बाजारात यायचा तर तो परदेशातून आल्यासारखा मानला जाई. म्हणजे अंधेरीतल्या बाईच्या हाताखालून गेलेली वस्तू उदगीरच्या गिऱ्हाइकापर्यंत यायची तर तिने आधी अमेरिकेला जाऊन, अंगावर आयबीएमचं नाव मिरवून, जकात भरून परत यावं, हा राजमार्ग. मग दुकानदार सांगणार, "साहेब, हे लोकल नाही, इम्पोर्टेड आहे." अस्सलपणा डब्यावरच्या पट्टीत असतो असं मी म्हणत नाही, पण फ्लॉपी ड्राइव्हच्या धंद्यात तरी तो पट्टीपलीकडे कुठे सापडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: निदान जास्त क्षमतेचा ड्राइव्ह कमी क्षमतेच्यापेक्षा चांगला की नाही? घरगुती संगणक सोडून जरा कचेरीत या. पीसी-एक्सटीला 360 केबीचा ड्राइव्ह असे, 1984 पासूनच्या एटीला 1.2 एमबीचा. मोठ्याला धाकट्याची फ्लॉपी वाचता येई, लिहितासुद्धा येई. पण मोठ्याचं हेड अरुंद. धाकट्याने आखलेल्या रुंद पट्ट्याच्या मधोमध ते आपली बारीक ओळ ओढी आणि दोन्ही कडांना जुना मजकूर तसाच राही. ती फ्लॉपी परत एक्सटीत घातली की त्याचं रुंद हेड नवा आणि जुना असे दोन्ही मजकूर एकदम ऐके आणि गोंधळून नकार देई. क्षमता तिप्पट झाली खरी, पण बोलणं एकतर्फी झालं. जिथे फ्लॉपी न्यायची त्या टेबलावर ती उघडली नाही तर तिच्यात मावतं किती याला काय अर्थ? 2003 च्या सुमारास टीडीएसची विवरणपत्रं संगणकीय झाली तेव्हा ती फ्लॉपीवर किंवा सीडीवर, सोबत 27ए हा कागदी फॉर्म सही करून, नेऊन द्यायची होती. तेव्हा आपली फ्लॉपी खिडकीपलीकडच्या माणसाच्या ड्राइव्हला पसंत पडते की नाही, यावर माणसाचं कायद्याचं पालन अवलंबून होतं. आमच्याकडे उघडतेय, या वाक्याला त्या खिडकीवर कवडीची किंमत नव्हती.

तिसरा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. बाहेरचा माल कधी कधी मूळ मालाला हटवून स्वतःच मूळ होऊन बसतो. स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअरने त्याच्यासाठी 1983 मध्ये मायक्रोड्राइव्ह काढला: काडेपेटीहून लहान पेटीत गुंडाळलेली सुमारे पाच मीटरची न संपणारी टेप, क्षमता 85 केबी, आणि दगा देण्यात तरबेज. त्याच सुमारास ब्रिटनमधल्या एका छोट्या कंपनीने बीटा डिस्क नावाचं जोडकार्ड आणलं. ब्रिटनमध्ये त्याचं फारसं नाव झालं नाही. पण सोव्हिएत रशियात स्पेक्ट्रमच्या नकला घरोघरी होऊ लागल्या, त्यांत बीटा डिस्क बोर्डावरच बसवलं गेलं, आणि पेंटॅगॉन, स्कॉर्पियन असल्या नावांच्या यंत्रांवर तेच प्रमाण झालं. तिथे कुणाला सिंक्लेअरचा मायक्रोड्राइव्ह दिला असता तर तोच लोकल वाटला असता. यातून लोकल जिंकतो असं मात्र निघत नाही. शेजारीपाजारी सगळ्यांच्या यंत्रात तेच डोकं होतं म्हणून ते जिंकलं. स्वतःचं डोकं घेऊन बाहेरून येणाऱ्याचं काय होतं, याचा दाखला उदगीरला पुस्तकात शोधावा लागत नाही. 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवराव भाऊंनी याच परिसरात निजामाला नमवलं तेव्हा मराठ्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी होता. मूळचा निजामाच्याच चाकरीतला, फ्रेंच पद्धतीत तयार झालेला. उदगीरला त्याच्या तोफांनी बाजी मारली. वर्षभरात, 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर, त्याची गोल बांधून लढण्याची रीत आणि होळकरांची गनिमी काव्याची रीत यांचं जमलं नाही, असं पुष्कळ इतिहासकार सांगतात. माणूस तोच, तोफा त्याच. गणित बिघडलं ते जोडणीत.

फ्लॉपीचा धंदा आता संपला. सोनीने 2011 मध्ये त्या विकणं बंद केलं. पण जुनी यंत्रं जपणारे आहेत तोवर पर्यायी ड्राइव्ह निघतच आहेत, आणि नियमही तसाच आहे. गोटेक नावाचा पेन ड्राइव्ह लावायचा डबा मूळचा भरतकामाच्या मशिनींसाठी निघाला. त्याच्या आतलं सॉफ्टवेअर बदललं की तो अमिगाला आणि बीबीसीला बेधडक लावावा, कारण त्यांना ड्राइव्हकडून अक्कल नकोच असते. कमोडोरसाठी एसडी2आयईसी हे मेमरी कार्डवालं स्वस्त यंत्र मिळतं. साध्या फाइलींना ते उत्तम, पण त्यात 6502 नाही, म्हणून फास्टलोडरवाले कित्येक खेळ तिथेच आडवे होतात. ज्यांना सगळंच चालायला हवं त्यांनी 1541 अल्टिमेट घ्यावा किंवा रास्पबेरी पायवर पाय1541 चढवावा. सव्वा गीगाहर्ट्झच्या आसपास पळणारा प्रोसेसर इथे आपली सगळी ताकद एक मेगाहर्ट्झच्या जुन्या डोक्यासारखं बरोबर तितकंच रेंगाळण्यात खर्च करतो. अल्टिमेट तर हेड हलण्याचा आवाजसुद्धा काढून दाखवतो. पैसे देऊन खोड विकत घेणारं गिऱ्हाईक मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेलं नाही. उलट, ऑनलाइन मिळणारा यूएसबीचा स्वस्त फ्लॉपी ड्राइव्ह अमिगाची डिस्क वाचायला म्हणून कुणी मागवू नये. डिस्क तीच, साडेतीन इंची, आत सरकतेही झोकात. पण त्या ड्राइव्हचं डोकं पीसीच्या मांडणीखेरीज काही मानत नाही आणि समोरची डिस्क फॉरमॅट करू का, असं मात्र अगत्याने विचारतं. तेव्हा "हो" म्हणू नये.

उरला तो अॅमस्ट्रॅडचा तीन इंची ड्राइव्ह, जो 1987 च्या स्पेक्ट्रम प्लस थ्रीमध्येही बसवला होता. हा बहुधा वाचत नाही, आणि त्याला कारण डोकं नसतं. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत वितळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. कंपनीचा पट्टा शोधत बसू नये. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या जुन्या मेकॅनिककडे तसले पट्टे डब्याने पडून असतात. चक्रांभोवती दोरा गुंडाळून मोजलेलं माप त्याला द्यावं, आणि नवा चढवण्याआधी चक्रांवरचा चिकटा स्पिरिटने पुरता पुसून घ्यावा, नाहीतर तो महिनाभरही टिकायचा नाही.